वृद्धांचा तोल आणि गावाचा हात

क्षिप्रेच्या तीरावर वसलेली उज्जयिनी ही सात मोक्षपुऱ्यांपैकी एक आहे. महाकालेश्वराचे ज्योतिर्लिंग आणि दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ मेळा यांमुळे तिचे नाव भारतभर आदराने घेतले जाते. मराठी माणसाचा या नगरीशी असलेला संबंध केवळ यात्रेपुरता मर्यादित नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी आपल्या सत्तेचे ठाणे येथे वसविले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुन्हा उभारणी केली. एकोणिसाव्या शतकात बायजाबाई शिंदे यांनी भर बाजारपेठेत गोपाळ मंदिर बांधले. १८१० मध्ये शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला गेली, तरी मराठी घराणी येथे राहिली आणि आजही त्यांच्या घरांतून मराठी बोलली जाते. महाराष्ट्राच्या गावोगावांहून दरवर्षी असंख्य भाविक उज्जैनला जातात. त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांचा भरणा मोठा असतो. आयुष्यभर प्रपंच केला, आता एकदा महाकालाचे दर्शन घडावे, क्षिप्रेत स्नान व्हावे आणि सिद्धवटाखाली पितरांचे ऋण फेडावे, ही त्यांची इच्छा असते.

ही इच्छा पुरी होत असताना एक लहानसा अपघात अनेकदा आड येतो. ओल्या पायरीवरून पाय घसरतो, गर्दीत धक्का लागतो किंवा धर्मशाळेच्या अंधाऱ्या न्हाणीघरात तोल जातो. काही क्षणांची ही घटना पुढील अनेक महिन्यांचे, क्वचित उरलेल्या साऱ्या आयुष्याचे परावलंबन मागे ठेवून जाते. असे अपघात तीर्थक्षेत्रीच घडतात असे मात्र नाही. ते प्रत्येक गावात, प्रत्येक वाड्यात आणि बहुधा स्वतःच्या घरातच घडतात. ते पुष्कळ अंशी टाळता येतात आणि ते टाळण्याचे काम एकट्या वृद्धाचे नसून साऱ्या गावाचे आहे, ही गोष्ट सर्वांच्या ध्यानात येणे आवश्यक आहे.

प्रश्नाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे मृत्युमुखी पडतात. अनवधानाने होणाऱ्या दुखापतींमुळे ओढवणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रम लागतो. या मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि त्यांत साठी उलटलेल्यांची संख्या सर्वाधिक असते. वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेल्या दर शंभर माणसांपैकी २८ ते ३५ जण वर्षातून एकदा तरी पडतात. सत्तरीनंतर हेच प्रमाण ३२ ते ४२ पर्यंत जाते. २०११ च्या जनगणनेत भारतातील साठ वर्षांवरील लोकसंख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती. आयुर्मान वाढत आहे, कुटुंबे लहान होत आहेत आणि तरुण मंडळी नोकरीधंद्यानिमित्त शहरांकडे जात आहेत. अशा स्थितीत या आकड्यांचा अर्थ प्रत्येक गावाने आपल्यापुरता लावून पाहण्यासारखा आहे. गावात साठीच्या पुढची दोनशे माणसे असतील, तर त्यांपैकी कित्येक जण येत्या वर्षभरात पडण्याचा संभव आहे.

पडल्याने होणारी सर्वांत गंभीर दुखापत म्हणजे खुब्याचा अस्थिभंग. वृद्धाचे हाड ठिसूळ झालेले असते आणि उभ्या उंचीवरून झालेले साधे पतनही ते मोडण्यास पुरेसे ठरते. रुग्ण अंथरुणाला खिळला की फुप्फुसाचा दाह, पाठीवरील जखमा आणि स्नायूंची झीज या गोष्टी ओळीने येतात. मनगटाचे हाड मोडणे आणि डोक्याला मार लागणे हेही नेहमीचेच आहे. हाड न मोडताही होणारी एक हानी मात्र कोणत्याही क्ष-किरण चित्रात दिसत नाही. ती म्हणजे मनात बसलेली भीती. एकदा पडलेली आजी देवळात जाणे सोडते, मग शेजारी जाणे सोडते आणि शेवटी ओसरीवर येणेही सोडते. हालचाल थांबली की पाय अधिक दुबळे होतात आणि पाय दुबळे झाले की पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. हे चक्र वेळीच थांबविले नाही, तर चालते-फिरते माणूस वर्षभरात खाटेवर येते.

त्याची आर्थिक बाजूही लहान नाही. शस्त्रक्रियेचा खर्च, रुग्णालयाच्या खेपा आणि शुश्रूषेसाठी घरी राहावे लागल्याने बुडालेली मजुरी यांचा भार शेतमजुराच्या किंवा लहान शेतकऱ्याच्या घराला पेलत नाही. शुश्रूषेचे काम बहुधा सुनेच्या किंवा मुलीच्या वाट्याला येते. क्वचित त्यापायी शाळकरी नातीचे शिक्षणही अडते. एका मोरीला आधाराचा दांडा बसविण्यास लागणारा खर्च या सर्वांच्या तुलनेत नगण्य म्हणावा लागेल.

माणूस का पडतो?

“वय झाले, की माणूस पडायचेच,” असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. हा समज या प्रश्नाचा सर्वांत मोठा शत्रू होय. वय वाढल्याने धोका वाढतो हे खरे. परंतु प्रत्येक पडण्यामागे शोधून काढता येण्याजोगी कारणे असतात. एका कारणाने माणूस सावरतो. दोन-तीन कारणे एकत्र आली, की तोल जातो.

शरीराचा तोल तीन गोष्टींवर अवलंबून असतो. डोळे पुढची वाट दाखवितात, कानाच्या आतील भागातील तोलाचे इंद्रिय डोक्याची स्थिती कळविते आणि तळपायांची व सांध्यांची जाणीव जमीन कशी आहे हे सांगते. मेंदू ही माहिती जुळवून स्नायूंना आज्ञा देतो. मोतीबिंदूने दृष्टी अधू झाली, मधुमेहाने तळपाय बधिर झाले, मांड्यांचे स्नायू क्षीण झाले किंवा गुडघे आखडले, की या साखळीतील एकेक कडी निसटते. अंधार झाला म्हणजे डोळ्यांचाही आधार जातो. म्हणूनच रात्री लघवीसाठी उठलेला वृद्ध पडण्याचा धोका अधिक असतो.

औषधे हे दुसरे महत्त्वाचे कारण आहे. झोपेच्या गोळ्या, मनाच्या विकारांवरील काही औषधे, रक्तदाब उतरविणारी व लघवी वाढविणारी औषधे यांमुळे सुस्ती किंवा घेरी येऊ शकते. दररोज चार किंवा अधिक औषधे घेणाऱ्या वृद्धाची सर्व औषधे वर्षातून एकदा तरी एकाच डॉक्टरांनी एकत्र तपासून पाहणे हितावह असते. मात्र कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. काहींचा रक्तदाब बसलेले असता किंवा निजलेले असता ठीक असतो, परंतु एकाएकी उभे राहताच तो घसरतो व डोळ्यांपुढे अंधारी येते. अशांनी अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे, मग मिनिटभर पाय खाली सोडून बसावे आणि त्यानंतरच आधार धरून उभे राहावे. ही सवय लावून घेण्यास एक पैसाही लागत नाही.

घाट, मंदिर आणि यात्रा

पडण्याची कारणे कशी एकत्र येतात, हे यात्रेच्या दिवसाचा क्रम पाहिल्यास स्पष्ट होते. रात्रभराचा रेल्वे किंवा मोटारीचा प्रवास झालेला असतो आणि झोप अपुरी असते. महाकालेश्वराच्या भस्म आरतीसाठी पहाटेपूर्वीच निघावे लागते. उपवासामुळे पोट रिकामे असते, तरीही मधुमेहाची गोळी घेतली जाते. शौचाची सोय लवकर सापडणार नाही या धास्तीने अनेक स्त्रिया पाणी पिणेच टाळतात. रामघाटावर स्नानासाठी अनवाणी उतरावे लागते. नदीची पातळी खालीवर होत असल्याने पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, आणि पावसाळ्यातील पूर ओसरल्यावर गाळही उरतो. ओले लुगडे किंवा धोतर पायांत येते. हरसिद्धीच्या मंदिरातील दोन उंच दीपमाळा हे मराठा काळाचे वैभव होय. परंतु दिव्यांचे तेल फरशीवर सांडले, की तीच फरशी घसरडी होते. महाकालाचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, तर वरच्या मजल्यावरील नागचंद्रेश्वराचे दर्शन वर्षातून केवळ नागपंचमीला खुले होते. म्हणजे चढउतार आला आणि गर्दीही आली. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात निघणारी ११८ किलोमीटरांची पंचक्रोशी यात्रा तर खेड्यापाड्यांतील वयस्क भाविकांच्या सहनशक्तीची परीक्षाच असते.

गर्दीत एक माणूस पडणे ही केवळ त्याच्यापुरती आपत्ती राहत नाही. १५ जुलै १९९६ रोजी सोमवती अमावास्येच्या दिवशी महाकाल मंदिरात चेंगराचेंगरी होऊन अनेक भाविकांचा अंत झाला. सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर भाविक घसरले आणि त्यानंतरच्या चेंगराचेंगरीत व आगीत अडीचशेहून अधिक माणसे दगावली. पायरी कोरडी असणे, कठडा भक्कम असणे आणि चढण्या-उतरण्याच्या वाटा वेगळ्या असणे या गोष्टी किरकोळ नाहीत, हा धडा या दुर्घटनांनी घालून दिला आहे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये आणि उज्जैनचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. यात्रेस जाणाऱ्या वृद्धांनी व त्यांना नेणाऱ्या मंडळींनी पुढील पथ्ये पाळावीत. पर्वणीच्या गर्दीचा दिवस टाळून आधीचा किंवा नंतरचा दिवस निवडावा. दोन वृद्धांमागे एक सशक्त सोबती असावा. घाटावर साखळी किंवा कठडा असेल तेथेच स्नान करावे. पाण्यात उतरणे अवघड वाटल्यास कोरड्या पायरीवर बसून तांब्याने स्नान करावे. खाली रबर बसविलेली काठी जवळ बाळगावी. मधुमेही व्यक्तीने उपवासाविषयी आधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषधांची यादी, नातेवाइकांचा दूरध्वनी क्रमांक व गावाचे नाव लिहिलेली चिठ्ठी वृद्धाच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवावी. रात्रीच्या मुक्कामी पोहोचताच प्रथम शौचालयाची वाट आणि दिव्याचे बटण दाखवून द्यावे.

घरातील धोक्याच्या जागा

यात्रा वर्षातून एकदा घडते. मोरीत मात्र रोज जावे लागते. म्हणून घराकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. उज्जैनच्या जुन्या पेठेतील वाडे असोत की वाई-पैठणचे, त्यांची ठेवण पुष्कळशी सारखीच असते. उंच उंबरठे, अरुंद व उभे जिने, मध्ये चौक आणि अंगणापलीकडे शौचालय. जिन्यात धरण्यासाठी दोर लोंबता ठेवण्याची जुनी पद्धत होती. पूर्वजांनी ओळखलेली ही गरज आज घरात गुळगुळीत फरशी आल्यावर अधिकच वाढली आहे.

मोरी व शौचालय या घरातील सर्वांत धोक्याच्या जागा होत. तेथे भिंतीला कमरेच्या उंचीवर लोखंडी दांडा पक्का बसवावा. टॉवेल अडकविण्याची दांडी आधारासाठी उपयोगी नाही. ती भारासरशी निखळते. फरशी खरखरीत ठेवावी आणि साबणाचे पाणी लगेच वाहून जाईल असा उतार द्यावा. बसून आंघोळ करण्यासाठी न हलणारा चौरंग किंवा स्टूल ठेवावे. उकिडवे बसणे जमत नसेल, तर उंच बैठकीची सोय करावी.

उंबरठ्याच्या कडेला व प्रत्येक पायरीच्या टोकाला पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाचा पट्टा ओढावा, म्हणजे अधू दृष्टीलाही कड दिसते. जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असाव्यात. एखादीच पायरी कमीअधिक उंचीची असली, तर नेमका तेथेच पाय चुकतो. बिछान्यापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा, आणि वीज जाते त्या गावी उशाशी विजेरी असावी. दुमडलेली सतरंजी, वाटेतील दोरी, पसरलेले धान्य आणि पायांत येणारी मांजरे यांकडेही लक्ष द्यावे. खाट इतकी उंच असावी, की बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील. झिजलेली चप्पल म्हणजे पायांत बांधलेला धोका होय; टाचेला पट्टा असलेले, न घसरणारे पादत्राण वापरावे. दुहेरी भिंगाचा चष्मा लावून जिना उतरताना खालची पायरी धूसर दिसते, ही गोष्टही वृद्धांच्या ध्यानात आणून द्यावी.

तोल कमावता येतो

स्नायूंची शक्ती आणि तोल या दोन्ही गोष्टी सत्तरीतही वाढविता येतात. पंचवीस देशांतील १०८ चाचण्या व तेवीस हजारांहून अधिक सहभागी यांच्या आधारे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या शास्त्रीय आढाव्यात असे दिसून आले, की तोलाचा व पायांच्या शक्तीचा नियमित व्यायाम करणाऱ्या वृद्धांत पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते. त्यासाठी कोणतीही यंत्रसामग्री लागत नाही.

भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे व बसणे, भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, आधार धरून एका पायावर काही क्षण उभे राहणे, आणि एका पायाच्या चवड्यापुढे दुसऱ्या पायाची टाच ठेवून सरळ रेषेत चालणे हे चार व्यायाम बहुतेकांना जमण्यासारखे आहेत. शेजारी कोणीतरी उभे असावे आणि जवळ धरण्यास आधार असावा. छातीत दुखणे, दम लागणे किंवा चक्कर येणे सुरू होताच थांबावे. आठवड्यातून तीन तास एवढा व्यायाम पुरेसा गुणकारी ठरतो. परंतु तो सोडून दिला, की गुणही जातो.

धोका कोणाला अधिक आहे, हे ओळखण्याची एक सोपी कसोटीही आहे. वृद्धाने खुर्चीवरून उठावे, नेहमीच्या चालीने तीन मीटर चालत जावे, वळून परत यावे आणि बसावे. यास बारा सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास त्या व्यक्तीची आरोग्य केंद्रात तपासणी करून घेणे इष्ट होय. गेल्या वर्षभरात एकदा पडलेल्या व्यक्तीस पुन्हा पडण्याचा धोका अधिक असतो, म्हणून तिची तपासणी प्रथम व्हावी.

आहाराविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. एकवेळच्या चहा-पोळीवर दिवस काढणाऱ्या वृद्धाचे स्नायू टिकत नाहीत. डाळ, दूध, ताक, अंडी, नाचणी, तीळ आणि पालेभाज्या यांचा समावेश त्याच्या ताटात असावा. सकाळी काही वेळ अंगावर ऊन घ्यावे. दारू तोलाची शत्रू आहे, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

शेजाराचे जाळे

घरोघरी उपदेशाची पत्रके वाटून हा प्रश्न सुटत नाही, असा इतर देशांचाही अनुभव आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर किनाऱ्यावरील भागात १९९२ ते १९९६ या काळात ‘स्टे ऑन युवर फीट’ या नावाची लोकमोहीम राबविली गेली. जनजागृती, व्यायामाचे वर्ग, घरातील धोक्यांची पाहणी, डॉक्टरांचा सहभाग आणि स्थानिक संस्थांची धोरणे ही सर्व अंगे तिच्यात एकत्र होती. मोहीम नसलेल्या भागाशी तुलना करता तेथे पडण्याच्या घटना २२ टक्क्यांनी आणि पडल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण २० टक्क्यांनी कमी आढळले. ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन व तैवान येथील अशा लोकमोहिमांच्या २००५ मधील आढाव्यातही दुखापतींत ६ ते ३३ टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे नोंदले आहे. जेथे अनेक हात एकाच वेळी कामाला लागले, तेथे फळ मिळाले, असे त्याचे सार होय.

आपल्याकडे असे हात नव्याने निर्माण करावे लागणार नाहीत. गावात भजनी मंडळ आहे, महिलांचे बचत गट आहेत, गणेशोत्सव मंडळ आहे आणि वाचनालयही आहे. उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी मंडळींनी गणेशोत्सवासारख्या निमित्तांनी परस्परांशी संबंध टिकवून ठेवले आहेत. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ ‘फेस्कॉम’ १९८० पासून कार्यरत आहे. भजनापूर्वीची पंधरा मिनिटे तोलाच्या व्यायामासाठी राखून ठेवल्यास वृद्धांना वेगळे बोलावणे पाठवावे लागणार नाही. एकट्याने व्यायाम करणारा चार दिवसांत कंटाळतो. दहा जणांत बसणारा, आज आपण न गेल्यास चौकशी होईल, या जाणिवेने टिकून राहतो.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी गल्लीतील चार-पाच घरांनी मिळून आळीपाळीने रोज सकाळी चौकशी करण्याचा नेम ठेवावा. पडल्यावर उठता न आल्याने तासन्तास जमिनीवर पडून राहावे लागणे ही पडण्याइतकीच घातक गोष्ट आहे. दूध घालणाऱ्याने, टपाल घेऊन येणाऱ्याने किंवा समोरच्या दुकानदाराने “आज दार उघडले नाही” एवढे शेजारी सांगितले, तरी एखाद्याचा जीव वाचू शकतो. दाराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असणेही हितावह होय.

या जाळ्याचे आणखी एक महत्त्वाचे काम आहे. वृद्ध माणसे, विशेषतः स्त्रिया, पडल्याचे घरी सांगत नाहीत. मुले रागावतील, बाहेर जाण्यास बंदी करतील, आपण घराला ओझे झालो असे वाटेल, अशी त्यांना भीती वाटते. म्हणून पडलेल्या व्यक्तीस “नीट चालता येत नाही का?” असे कधीही विचारू नये. ती कशावरून घसरली, कोठे घसरली आणि त्या वेळी तिला चक्कर आली होती काय, हे विचारावे. पहिल्या प्रश्नाने तोंड मिटते. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांनी उपाय सापडतो. त्याचप्रमाणे काळजीपोटी वृद्धाला एका जागी बसवून ठेवणे ही सेवा नव्हे. त्याला सुरक्षितपणे चालते ठेवणे ही खरी सेवा होय.

शाळा, ग्रामपंचायत आणि कचेरी

शिक्षकांनी या कामात पुढाकार घेतल्यास ते घरोघर पोहोचते. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना आपल्या घराची पाहणी करण्याचे काम द्यावे. रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा आहे काय, मोरीत धरण्यास आधार आहे काय, पायऱ्यांच्या कडा दिसतात काय, आजोबांच्या चपलेचा तळ झिजला आहे काय, आजीचे डोळे केव्हा तपासले होते, असे आठ-दहा प्रश्न त्यात असावेत. मुलांनी पायऱ्यांच्या कडा रंगवाव्यात. तोलाच्या इंद्रियाचा धडा विज्ञानाच्या तासाला शिकविताना या पाहणीचा उपयोग होईल.

ग्रामपंचायतींनी देऊळ, चावडी, बँक, शिधावाटप दुकान व आरोग्य केंद्र येथील पायऱ्यांना कठडे बसवावेत, गटारांची झाकणे नीट करावीत, पाणवठ्यावरील शेवाळ ठरावीक दिवशी खरवडून काढावे आणि बंद पडलेले रस्त्यावरील दिवे तातडीने सुरू करावेत. गाव आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत गेल्या महिन्यात कोण, कोठे पडले याची नोंद घेतली जावी. एकाच पायरीवर दोन माणसे पडली असतील, तर दोष माणसांचा नसून त्या पायरीचा आहे, हे अशा नोंदवहीतूनच उघड होते.

आशा कार्यकर्ती घरोघरी जो तपासणी-अर्ज भरते, त्यात साठ वर्षांवरील व्यक्तीस उभे राहताना किंवा चालताना अस्थिर वाटते काय, असा प्रश्न मुळातच समाविष्ट आहे. ‘होय’ असे उत्तर आल्यास ते कागदावरच राहू नये. त्या व्यक्तीची रक्तदाब, दृष्टी व औषधे यांची तपासणी व्हावी, याकडे संबंधित अधिकाऱ्यांनी लक्ष द्यावे. २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण अधिनियमात शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र रांगेची तरतूद आहे. कचेऱ्यांतूनही वृद्धांना ताटकळत उभे न ठेवता बाक आणि पिण्याचे पाणी उपलब्ध करून देणे कठीण नाही.

पडल्यानंतर काय करावे?

पडलेल्या व्यक्तीस घाईने ओढून उभे करू नये. आधी तिच्याशी बोलावे, शुद्ध आहे की नाही हे पाहावे आणि दुखते कोठे ते विचारावे. एक पाय आखूड व बाहेरच्या बाजूस वळलेला दिसत असेल, त्यावर भार देता येत नसेल किंवा जांघेत तीव्र वेदना असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी मालीश करणे, पाय ओढणे किंवा चालवून पाहणे अत्यंत घातक आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत पाय हलू न देता अंगावर पांघरूण घालावे. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत झाल्यास रुग्ण लवकर उठून बसतो. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर वरकरणी काही वाटत नसले तरी रुग्णालयात न्यावे.

दुखापत नसल्यास व्यक्तीने आधी कुशीवर वळावे, कोपरावर भार देऊन हात-गुडघ्यांवर यावे, जवळच्या खुर्चीचा किंवा खाटेचा आधार घेऊन एक पाय पुढे टेकवावा व मग सावकाश उठावे. ही क्रिया वृद्धांना आधीच शिकवून ठेवावी.

उपलब्ध सोयी

दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, चालण्याची चौकट, चष्मा, श्रवणयंत्र इत्यादी साधने देण्यासाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर केली असून तीत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीस अशा साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपये देण्याची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांस, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देऊ केले आहे. त्यासाठीचे कार्ड आजारी पडण्यापूर्वीच काढून ठेवावे. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा साहाय्य क्रमांक देशभर उपलब्ध आहे. काठी वृद्धाच्या मापाची असली पाहिजे, हेही ध्यानात ठेवावे. हात सैल सोडून ताठ उभे राहिले असता काठीची मूठ मनगटाशी यावी.

१ ऑक्टोबर हा दिवस १९९१ पासून आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याची प्रथा चांगलीच आहे. परंतु सत्कारासाठी व्यासपीठाच्या पायऱ्या चढणाऱ्या वृद्धास धरण्यासाठी कठडा नसेल, तर त्या सन्मानात काहीतरी उणे राहते. प्रत्येक गावाने या वर्षी एवढाच संकल्प करावा. गावातील सर्वांत अधिक वापरली जाणारी एक पायरी निवडावी, तिच्या कडेला पट्टा ओढावा, बाजूला कठडा बसवावा आणि वर दिवा लावावा. पहिल्या पायरीचे काम झाले, की दुसरी पायरी कोणती, हे गावातील वृद्धच सांगतील. त्यांना ते विचारले मात्र पाहिजे.